रस्त्याखालची ओल

पुण्यात मार्च सरत आला की दुपारी ऑफिसच्या गच्चीवरून समोरचा रस्ता हलताना दिसतो. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि पलीकडून येणारी माणसं पाण्यातून चालत आल्यासारखी वाटतात. बाकीचे लोक पडदे ओढून आत बसतात. मी चहाचा कप घेऊन तिथंच थोडा वेळ उभी राहते. उन्हाळे तसे पुष्कळ पाहिले, पण या दिवसांत आठवतो तो एकच. कळमनुरीहून आमच्या गावाकडं फुटणाऱ्या रस्त्यावर, बाबांच्या सोबतीनं काढलेला.

मी रस्त्यांचं गणित करते. डांबर, त्याखाली खडी, त्याखाली मुरूम आणि सगळ्यांत खाली माती असे थर संगणकात मांडायचे. मग त्यांच्यावर ऊन सोडायचं, वारा सोडायचा, पाऊस पाडायचा, आणि दहा वर्षांनी, वीस वर्षांनी तो रस्ता कुठं मऊ पडेल, कुठं फाटेल ते पाहायचं. याला आम्ही मॉडेल म्हणतो. मॉडेल कितीही नीट बांधलं तरी एकदा त्याला खऱ्या रस्त्यापुढं उभं करावंच लागतं. खरं डांबर किती तापलं, खालची माती किती सुकली, हे मोजून आकडे जुळवून बघावे लागतात. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मला असा एक रस्ता हवा होता. खाली काळी माती, वर मराठवाड्याचं ऊन, आणि उपकरणांवर नजर ठेवणारं कुणी विश्वासाचं माणूस. सरांनी विचारलं, "कुठला घेतेस?" मी बाबांचा रस्ता सांगून टाकला.

बाबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. सहा किलोमीटरचा तुकडा त्यांच्याकडं होता आणि तीस वर्षं तोच होता. खड्डे भरायचे, साइडपट्टीवर मुरूम टाकून धुम्मसनं ठोकायचा, पावसाळ्याआधी नाल्या उपसायच्या, कडेच्या दगडांना चुना लावायचा. आमच्या घरात बांधकाम खातं हा शब्द कुणी फारसा वापरत नसे. बाबा कुठं गेले असं विचारलं, की माय म्हणायची, "रस्त्यावर." मी उपकरणं घेऊन गेले त्याच्या आदल्या वर्षी ते निवृत्त झाले होते. तरी सकाळी उठून पहिल्या किलोमीटरच्या दगडापर्यंत जाऊन यायचे. रिकाम्या हातानं जायचे, म्हणून परत येताना कसनुसे दिसायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोन ठिकाणी डांबराला भोकं पाडली. एक उघड्यावर, एक कडुलिंबांच्या रांगेखाली. वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजणाऱ्या तारा सोडायच्या होत्या आणि खाली मातीत ओलावा मोजणारी कांडी ठोकायची होती. यंत्राचा आवाज सुरू झाला तसे बाबा लांबून झपाझप चालत आले.

"चांगल्या रस्त्याला भोक काहून पाडून राहिली, बाई?"

"ताप बघायचाय, बाबा. रस्त्याला किती ताप चढतो ते."

"मंग काखंत लाव की. पोटात भोक पाडून कुणी ताप बघतंय व्हय?"

पण दुपारी भोक बुजवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं. गुडघे टेकून, तारांभोवती बारीक खडी आणि डांबर असं काही दाबलं, की संध्याकाळी ती जागा शोधायला मलाच वाकून बघावं लागलं.

उपकरणाच्या डब्यात आकडे आपोआप साठत होते. तरी खात्री म्हणून दिवसातून तीनदा हातानं नोंद घ्यायची होती. ती वही मी बाबांकडं दिली. बाबा चौथी शिकलेले. अक्षर मोठं, ओळीच्या वर चढणारं. तारीख, वेळ, वरचं तापमान, खालचं तापमान, आणि शेवटी शेरा, असे रकाने मी आखून दिले होते. शेरा म्हणजे काय असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "काही वेगळं दिसलं तर लिहा." त्यांना रोजच काहीतरी वेगळं दिसायचं. 'वारा न्हाई. पान हालत न्हाई.' 'अकराची बस आली न्हाई.' 'डांबर मऊ. बोट उमटते.' 'टिटवी साइडपट्टीवर बसती. अंडे आसतील. तिकडून जाणे न्हाई.' माझ्या प्रबंधात यातलं एक अक्षरही गेलं नाही. आज मात्र त्या वहीतले आकडे मला आठवत नाहीत, शेरे आठवतात.

त्या दिवसांचा वास अजून येतो. लिंबाला मोहर आलेला, आणि आसपासच्या शेतांत हळद शिजवायच्या कढया पेटलेल्या. ओली वाफ, धूर, मातकट गोडसर वास, त्यात तापलेल्या डांबराचा उग्र दर्प. दुपारी मी आणि बाबा लिंबाखाली बसून भाकरी खायचो. मायनं दिलेला ठेचा, कांदा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. समोर उन्हात रस्ता पांढुरका दिसायचा आणि आमच्यापुढं तेवढाच काळा, थंड, डहाळ्यांच्या सावलीनं ठिपक्याठिपक्यांचा. मोजलेले आकडेही तेच सांगत होते. सावलीतलं डांबर उघड्यावरच्या डांबराच्या मानानं किती तरी गार राहायचं. मी ते वाचून दाखवलं की बाबा पाय लांब करून म्हणायचे, "ह्याला मशीन कशाला लागती? पाठ टेकून बघ."

एप्रिलच्या सुरुवातीला उघड्यावरच्या ठिकाणचा आलेख एकदम खाली आला. भर दुपारी वरचं तापमान चढेनाच. चार दिवस तसंच. सर फोनवर म्हणाले, तार तुटली असणार, तेवढे दिवस टाकून दे. मी त्या आठवड्यात नांदेडला गेले होते, परत येऊन वही उघडली. शेऱ्यात लिहिलं होतं, 'कौसाबाईची हळद. परवानगी दिली.'

कौसाबाईचं शेत रस्त्याला लागूनच. वय बाबांच्या आसपासचं, आवाज शेताच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणारा. तिनं शिजवलेली हळद ताडपत्री टाकून नेमकी माझ्या तारांवर वाळत घातली होती.

"बाबा, तिथं हळद कशी घालू दिली तुमी?"

"रस्त्यावर लवकर वाळती. दर साली घालती ती. तुझा ताप चार दिवस उतरला तर काय बिघडलं?"

मी चिडले होते. कौसाबाईनं माझ्या ओंजळीत हळकुंडं टाकली आणि म्हणाली, "घे माय, तुझ्या कम्प्युटरला लाव. त्याचा बी ताप उतरंल." रागावणं अवघड झालं. पुढं मात्र मी गंमत म्हणून मॉडेलमध्ये त्या चार दिवसांपुरता हळदीचा थर टाकून पाहिला. आलेख बरोबर बसला. मॉडेलवर माझा पहिला खरा विश्वास बसला तो हळदीमुळं.

आता रस्त्यावरच्या एका भेगेबद्दल सांगायला हवं.

लिंबांची रांग रस्त्याच्या पश्चिमेला होती, अठ्ठावीस झाडं. त्या रांगेच्या कडेनं डांबरात एक लांब भेग पडायची. माघ सरला की उघडायची, वैशाखात हाताचा पंजा आत जाईल एवढी व्हायची, आणि पावसाळ्यात जमीन ओली झाली की मिटायची. बाबा दर वर्षी खडी-डांबर घालून ती बुजवायचे आणि दर वर्षी ती पुन्हा उघडायची. वरचे साहेब म्हणायचे, काम नीट होत नाही. बाबांना ते खरं वाटायचं. मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात आमच्या गुरुजींच्या स्कूटरचं चाक त्या भेगेत गेलं. मांडीचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून गुरुजी एका पायानं लंगडत चालतात. त्यांना उचलून बैलगाडीत घालणारे बाबाच होते. त्यानंतर बाबा गुरुजींच्या दारावरून कधी गेले नाहीत. मागच्या गल्लीनं जायचे. आमच्या घरात यावर कुणी बोलत नसे.

माझं मॉडेल सुरुवातीला ती भेग दाखवतच नव्हतं. त्याच्या हिशोबानं रस्त्याच्या दोन्ही कडा सारख्याच होत्या. पण मातीतल्या कांडीचे आकडे सांगत होते, की लिंबांखालची माती अपेक्षेपेक्षा फार खोलपर्यंत कोरडी आहे. मी आठवडाभर चूक शोधत राहिले. मग एका दुपारी, कौसाबाईच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापुढं, वीज होती म्हणून तिथं बाजेवर बसून, मी गणितात झाडांची मुळं टाकली. मुळं रस्त्याखाली कुठवर जातात, दिवसाला किती पाणी ओढतात, सगळं. संगणक बराच वेळ चालला. पडद्यावर रस्त्याच्या पश्चिम कडेला एक लाल रेघ उमटली. जिथं भेग होती, बरोबर तिथं.

"जुळलं!" मी ओरडले.

आणि मान वर केली तर समोर बाबा लिंबाच्या खोडाला हात टेकून उभे होते.

ती झाडं बाबांनी लावलेली. रोपं खात्याची होती, पण जगवली त्यांनी. चार उन्हाळे हातपंपावरून सायकलला दोन डबे बांधून पाणी नेलं होतं. डबा हलू नये म्हणून मी मागून धरून चालायची, आणि पाणी हिंदकळून माझा फ्रॉक भिजायचा. त्या बाजेवर बसल्या बसल्या माझ्या तोंडचं हसू गेलं. पण बाबांनी ओरडणं ऐकलं होतं. ते आले, समोर उकिडवे बसले.

"काय जुळलं, बाई?"

"भेग कशानं पडते ते कळलं." मी एकेक करून सांगितलं. काळी माती सुकली की आक्रसते. लिंबांची मुळं रस्त्याखालची ओल ओढून घेतात, म्हणून त्या कडेची माती जास्त सुकते, खाली बसते, आणि वरचं डांबर फाटतं. पाऊस पडला की माती फुगते, भेग मिटते. "वरून कितीही भरलं तरी ती उघडणारच होती. तुमच्या हाताचा दोष नव्हता, बाबा. कधीच नव्हता."

मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. त्यांनी पडद्यावरच्या लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हंजे वरून भेग बुजवणारा बी मीच," ते म्हणाले, "अन् झाडाला पाणी घालून खालून फाडणारा बी मीच."

पुढचे दोन दिवस वहीत आकडे होते, शेरा नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चल. गुरुजींकडं जाऊन येऊ."

गुरुजी ओसरीवर पेपर वाचत होते. बाबांना दारात पाहून उठायला लागले, तर बाबांनी त्यांना हातानं थांबवलं. बसलेही नाहीत. उभ्यानंच, शाळेत पाठ म्हणावा तसं सगळं सांगितलं. माती, मुळं, ओल. शेवटी म्हणाले, "पोरीनं हिशोब काढलाय. भेग माझ्या लिंबांची होती. तुमाला तकलीफ झाली ती माझ्यामुळंच झाली."

गुरुजी चष्मा काढून बघत राहिले. "इतकी वर्सं तुमी मागच्या गल्लीनं जाता ते याच्यासाठी?"

बाबांनी खाली बघत मान हलवली.

"अहो, माझ्या स्कूटरचा ब्रेक लागत नव्हता. वसमतला नेऊन दाखवायचा, दाखवायचा म्हणून महिना काढला होता मी. भेग मला लांबून दिसली होती, थांबता आलं न्हाई." मग आत वळून म्हणाले, "चहा टाका हो, तीन कप."

चहा आला तसे बाबा ओसरीच्या कडेला टेकले. गुरुजींनी पावसाचा विषय काढला, आणि दोघं तासभर बोलत बसले. परत येताना बाबा मला म्हणाले, "खोटं बोलला असंल का गं माणूस, माझ्यासाठी?" मी म्हणाले, माहीत नाही. आजही माहीत नाही.

मे महिन्यात अहवाल लिहायला घेतला. त्या रस्त्याचं नवं काम निघणार होतं आणि खात्याला माझे निष्कर्ष हवे होते. झाडांचं वाक्य मी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी बाबांना विचारलं, "तेवढं गाळू का? भेगेचं दुसरं कारण देता येईल. मातीच तशी आहे, एवढंच म्हणायचं."

बाबा तेव्हा शेळीला पाला टाकत होते. हात झटकून म्हणाले, "म्या इतकी वर्सं भेग झाकली. आता तू झाकणार व्हय? जसं हाय तसं लिही."

जसं आहे तसं लिहिलं. सावलीमुळं डांबर कमी तापतं, त्याचा चिवटपणा जास्त वर्षं टिकतो, हेही लिहिलं. झाडं आणि रस्ता यांच्यामध्ये खोल चर घेऊन मुळं अडवता येतील, हे आकृती काढून दिलं. झाडं तोडा असं कुठंही लिहिलं नाही. दीड वर्षानं काम सुरू झालं, तेव्हा पश्चिमेची सगळी रांग गेली. पुढं एकदा कामानिमित्त तो अहवाल मला खात्यातल्या एका टेबलावर दिसला. भेगेचं कारण सांगणाऱ्या वाक्याखाली पेनानं रेघ मारलेली होती. चराची आकृती असलेलं पान कोरं करकरीत होतं.

तोडणीच्या दिवशी मी पुण्यात होते. मायनं नंतर सांगितलं. बाबा सकाळीच तिकडं गेले. तिला वाटलं, भांडतील, निदान रडतील. ते रस्त्याच्या कडेला उभे राहून तोडणाऱ्यांना सांगत होते, "दोर इकडून बांधा, तारंवर पडंल. बस येऊन राहिली, थांबा जरा." दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या थांबवत, सोडत राहिले. संध्याकाळी मला फोन केला.

"तुझं काम बराबर झालं ना, बाई?"

"हो, बाबा."

"मंग झालं."

एवढंच बोलणं. त्यांनी मला दोष दिला असता तर किती सोपं गेलं असतं. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात बाबा गेले. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी सकाळी नाहीत. गावातून निघालेली माणसं त्याच नव्या रस्त्यावरून चालली. सगळ्यांत मागं गुरुजी, लंगडत, शेवटपर्यंत.

लोक विचारतात, गावाची आठवण येते का. गावाची अशी येत नाही. येते ती लिंबाखालच्या त्या दुपारच्या दोन तासांची. भाकरी खाऊन झाल्यावर बाबा टॉवेल तोंडावर टाकून आडवे व्हायचे, आणि मी वही उघडून त्यांची चढत जाणारी अक्षरं वाचत बसायची. काही बोलायचं नसायचं. तीन वाजले, की ते टॉवेलखालूनच म्हणायचे, "टाइम झाला, बाई, लिही." त्यांना घड्याळ लागत नसे. तेव्हा वाटायचं, मोजमाप संपलं की सुटू. आता वाटतं, अजून एक उन्हाळा तरी कमी पडला. आकडे तेवढ्यात पुरले, मला मात्र पुरलं नाही.

यंदा आमच्याकडं नवं काम आलं. येणारी वर्षं आणखी तापणार, असं धरून जुने रस्ते पुन्हा मोजायचे. मराठवाड्यासाठी म्हणून मी तोच सहा किलोमीटरचा तुकडा घेतला, कारण त्याच्याइतका नीट मोजलेला रस्ता माझ्याकडं दुसरा नाही. एकदा झाडांशिवाय चालवला, एकदा झाडांसह. पहिल्या काही वर्षांत निकाल जुनाच आला. झाडं नसलेला रस्ता बरा, कडा शाबूत. मग ऊन वाढत गेलं तसं चित्र फिरलं. उघड्यावरचं डांबर लवकर ठिसूळ झालं आणि सगळ्या अंगभर तडकायला लागलं. सावलीतला रस्ता, झाडं थोडी लांब सरकवून आणि मुळं अडवून, पुष्कळ पुढंपर्यंत टिकला. मी तीनदा तपासलं. गणित बरोबर होतं. बाबांची झाडं चुकीची नव्हती, फक्त फार जवळ होती.

हे ज्यांना सांगायचं ते नव्हते. मी मायला फोन लावला आणि सगळं घडाघडा सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मंग लाव की."

"काय?"

"झाडं. लांब लावायची तर लांब लावू. रडून काय राहिलीस?"

मी रडतेय हे तिला कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी जाऊन आले. मायनं तोवर कौसाबाईशी बोलणं करून ठेवलं होतं. तिच्या शेतातला एक धुरा, म्हणजे बांध, रस्त्याच्या पश्चिमेला त्याला समांतर जातो, चांगल्या अंतरावरून. एरवी शेतकरी बांधावर झाड नको म्हणतात, सावलीनं पीक मरतं. कौसाबाई आता थकली आहे, पण आवाज तसाच. "हळदीला सावली चालती," ती म्हणाली. "लावा तुमी. माझ्या नातवंडांनी तोडली तर मला इचारू नका."

नवा रस्ता उन्हात लखलखत पडला होता. कडा सरळ, कुठं भेग नाही. मी वाकून हात फिरवून पाहिला, चटका बसला. धुऱ्यावर येऊन मी अंतर मोजलं, लिंब पूर्ण वाढल्यावर किती उंच होईल याचा अंदाज घेतला आणि जागा दाखवली. कौसाबाई म्हणाली, खड्डे आत्ताच घ्यायचे, दोन महिने ऊन खाऊ द्यायचं, रोप पावसाळ्यात लावायचं. मायनं पदर खोचला, टिकाव उचलला आणि रस्त्याकडं बघून थांबली.

"इतक्या लांबून सावली पोचंल का गं रस्त्यावर?"

"सगळी नाही पोचणार," मी म्हणाले. "चारनंतरची पोचेल."

मायनं टिकाव हातात सावरला.

"तेवढी बस झाली," ती म्हणाली, आणि तिनं पहिला घाव घातला.